बनाआक्कांचा डुगडुगता पाट

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे आणि माझा एक पाय आखूड आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्यावर जो कोणी टेकतो तो पहिल्यांदा हेच म्हणतो, "अरे, हा तर डुगडुगतोय!" जसं काही मला ते माहीतच नाही.

तसे आम्हा पाटांना तुमच्यासारखे पाय नसतात. फळीखाली दोन आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांनाच पाय म्हणायचं. इंदापूरच्या रामहरी सुतारानं एका लग्नासाठी पाच पाट करायला घेतले होते. चार झकास उतरले. पाचव्याच्या वेळी दारात सोयरे आले, रामहरी गप्पांना लागला आणि हातातला रंधा माझ्या एका पट्टीवर नको तितका फिरला. माझा डावीकडचा मागचा कोपरा केसभर खाली गेला. झालं! चौघे भाऊ पंगतीला गेले आणि मी ओट्यावर उन्हात पडलो. रामहरी माझ्यावरच बसून चिलीम ओढायचा आणि दर झुरक्याला माझ्या नावानं बोटं मोडायचा. चूक त्याची आणि शिव्या मला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

एके दिवशी बनाआक्का आपल्या बैलगाडीचं चाक दुरुस्त करून घ्यायला त्याच्याकडे आल्या. या गोष्टीला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. बनाआक्कांची संगीत बारी होती. संगीत बारी म्हणजे चार-पाच गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका, एक ढोलकी, एक पेटी, आणि पोट भरायला गावोगावचे बाजार नि जत्रा. आक्का तेव्हा तिशीच्या असतील. उंचीनं बेताच्या, रंगानं सावळ्या, आणि आवाज असा की समोरच्याची बोबडी वळावी. चाक होईपर्यंत त्या माझ्यावर बसल्या. मी सवयीप्रमाणे बोललो, "टक्."

त्या उठल्या. मला वाटलं, आता ह्याही एक शिवी हासडणार. पण त्या माझ्यावर उभ्या राहिल्या. दोन्ही पावलं नीट जुळवली. मी गप्प. मग डाव्या टाचेवर जरासा भार टाकला. टक्. भार काढला. मी गप्प. पुन्हा टाकला. टक्.

"रामहरी, ह्यो पाट मला दे."

"आक्का, त्यो नगं. डुगडुगतोय त्यो. दुसरा झ्याक करून देतो की."

"दुसरा कर आन् तुज्या घरात ठिव. मला ह्योच पायजे."

"बरं, निदान पट्टी तरी सारखी करतो. उगं मागनं माझं नाव नगं."

"हात लावशील तर बघ!" आक्का अशा काही कडाडल्या की रामहरीच्या हातातली चिलीम विझली. मला मात्र जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं. ज्या खोडीपायी सगळ्यांनी मला ओवाळून टाकलं होतं, तिच्याचसाठी कुणीतरी मला मागत होतं.

कशासाठी, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आक्कांचं घर इंदापूरच्या कडेला होतं. सारवलेल्या जमिनीत मधोमध एक फरशी बसवलेली होती. तिच्यावर त्यांनी मला ठेवलं आणि त्यांच्या बहिणीची मुलगी रतन, तिला म्हणाल्या, "नमस्कार कर आन् चढ."

आक्कांची शिकवायची रीत निराळी होती. दुसऱ्या बारीत पोरींना अंगणभर नाचवत. आक्का पहिली दोन वर्षं माझ्यावरून खाली उतरू देत नसत. दोन हात लांब नि दीड हात रुंद, एवढंच काय ते अंगण. डोक्यावर पाण्यानं भरलेला तांब्या. मान थिर, खांदे थिर, गुडघे मऊ, आणि हलायचं ते फक्त पोट आणि कंबर. मान हलली तर पाणी सांडून लुगडं भिजायचं, आणि भार चुकला तर मी बोलायचो.

"माझ्या मावशीनं मला चालत्या गाडीत शिकवलं," आक्का सांगायच्या. "ह्या गावचा बाजार उरकून त्या गावाला जाताना. गाडीत जागा ती केवढी? पण गाडीत नाचता आलं की मैदान पुरून उरतं बघा. आन् माणसाचा समदा आळस डाव्या टाचंत साठतो. त्यो ह्या पाटाला बरोबर कळतो."

मी टक् केलं की त्या कधी हात उगारत नसत. नुसतं म्हणायच्या, "पाट बोलला." बस. पोरगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. किती मान होता मला, सांगू? इंदापुरात मामलेदाराचा शब्द एक वेळ फिरायचा, माझा फिरत नसे. एकदा पोरींना करून दाखवताना खुद्द आक्कांच्याच पायाखाली मी बोललो. आक्का खाली उतरल्या, मला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "त्याचं बराबर हाय. माझं ध्यान चुलीवरच्या कालवणाकडं हुतं." आणि पहिल्यापासून सुरू केलं. असा गुरू मी दुसरा पाहिला नाही. अर्थात मी फार हिंडलेला पाट नाही, हेही खरं.

आक्कांची खरी कमाई म्हणजे 'लहर'. हे नाव त्यांनीच दिलेलं. उजव्या कुशीतून एक हालचाल उठायची, पोटावरून सरकत डाव्या कुशीला जायची आणि तशीच परत यायची. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यातून वारा जातो ना, तशी. पाय हलत नसत, पैंजण वाजत नसे, तांब्यातलं पाणी थरथरत नसे. लोक टाळ्या वाजवायचे विसरायचे. जाताना ती त्या मानानं सोपी. अवघड ती येताना. डावीकडून परत फिरताना अंगाचा सगळा भार डाव्या टाचेवर कोसळतो आणि मी बोलतोच. आक्कांच्या पायाखाली मात्र मी त्या वेळी कधीही बोललो नाही. बाहेर लोकांना वाटे की ही कंबरेची करामत. ती पायाची होती, आणि ते मला ठाऊक होतं.

रतनला ती लहर यायला सहा वर्षं लागली. सहा वर्षं मी टक् टक् करून त्या पोरीचा जीव खाल्ला. ती मला लाथ मारून जायची, आणि सकाळी येऊन माझ्यावर डोकं टेकायची. मग एका थंडीत, संक्रांतीच्या आसपास, ती गेली आणि आली आणि मी गप्प राहिलो. तिनं खाली बघितलं. आक्कांनी बघितलं. ढोलकी वाजवणारे इस्माईलचाचा होते, त्यांचा हात ढोलकीवर तसाच थांबला. आक्का आत गेल्या आणि गुळाचा खडा आणून रतनच्या तोंडात घातला. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

पुढं पिंपळीजवळ गाडी कलंडली आणि रतनचा उजवा गुडघा दुखावला. ती मैदानात नाचायची थांबली, गायला लागली. पण सकाळी मनात आलं की चढायची माझ्यावर. गुडघा कुरकुरायचा, तरी लहर यायची. मी गप्प असायचो.

शेवटची शिष्या सारजा. आली तेव्हा अठरा वर्षांची होती. अंगानं वाळकुडी, बोलायला भित्री, पण पाय असे की एकदा ऐकलेलं विसरायचे नाहीत. आक्का आता पन्नाशीच्या पुढं गेल्या होत्या. "ही घेणार," त्या इस्माईलचाचांना म्हणाल्या. "ही माझ्या रतनच्याबी पुढं जाणार." रतन तिथंच बसली होती. तिला राग नाही आला. ती हसली. तशी ती मनानं मोठीच. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा, तिच्यावर उगाच रागावू नका.

एकोणीसशे छत्तीसचा श्रावण. नीरेच्या कालव्यानं आमच्या भागात ऊस आणला, पानमळे आणले आणि त्यांच्या जोडीला डास आणि हिवतापही आणला. आक्का तापानं फणफणल्या. तरी भिंतीला टेकून बसायच्या आणि सारजाला शिकवायच्या. सारजाला जातानाची लहर आली. मी गप्प राहिलो. आक्कांचे डोळे चमकले.

"आता येतानाचं दावा की," सारजा म्हणाली.

"दोन दिस दम धर. ताप उतरला की उभी ऱ्हाते न् दावते. बोलून सांगायची गोष्ट न्हाय ती."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दारात माणूस मावेना. बारामतीच्या पेठेतून माणसं आली, पिंपळीहून आली, निमगाव केतकीहून पानमळेवाले आबाजी पागोटं काखेत धरून चालत आले. ज्यांनी दिवसाउजेडी कधी त्या घराकडे मान वळवली नव्हती, तेही कुंपणाशी उभे राहून डोळे पुसत होते. मला कुणीतरी भिंतीला उभं करून ठेवलं होतं. सगळे रडत होते, मी काय करणार? मला रडता येत नाही. मला फक्त टक् म्हणता येतं, आणि त्यालाही कुणाचा तरी पाय लागतो. आक्कांचं वजन पुन्हा माझ्यावर कधीच पडणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी रतननं मला उचललं. मला वाटलं, आता फरशीवर ठेवणार. तिनं मला धुतलं, पुसलं, आणि भिंतीवरच्या उंच फळीवर नेऊन ठेवलं. माझ्यावर आक्कांचा फोटो, फोटोपुढं त्यांचे चाळ, बाजूला समई. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मग सगळ्यांनी हात जोडले. सारजानंसुद्धा.

इस्माईलचाचा तेवढे दारात उभे होते. म्हणाले, "रतन, पाट खाली घे बाई. पोरीची लहर निम्मी ऱ्हायलीया."

"शिकवीन की मी तिला. जमिनीवर शिकवीन."

"जमीन बोलती व्हय? पाटाबिगर कसं कळंल तिला? आन् तुझ्या अंगात हाय तवर दाव. तुझा गुडघा काय जल्मभर तुझ्या शब्दात ऱ्हाणार हाय?"

रतननं समईची वात सारखी केली. "चाचा, तुमी म्हणताय ते कळतंय मला. पर त्या पाटावर आता कुणी पाय ठिवला, तर मला आक्काच्या छातीवर ठिवल्यावानी वाटंल. माझ्यानं न्हाय बघवायचं. आक्का आमचा देव हुती."

"देव आता झाली. आधी मास्तरीण हुती," चाचा म्हणाले. पण रतनच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्यांनी पुढं बोलणं टाकलं आणि ढोलकी काखेत मारून निघून गेले.

मित्रांनो, मी तीन वर्षं त्या फळीवर होतो.

लोक म्हणतील, काय वाईट झालं? पूजा होत होती, दर मंगळवारी नारळ फुटत होता. आलागेला माणूस आधी माझ्यापुढं वाकत होता. खरं आहे. पण घामानं पाट गुळगुळीत होतो आणि हळदीनं चिकट होतो. समईचं तेल ओघळून माझ्या शिरांत मुरलं. माझ्यावर पावलं पडली ती झुरळांची. ज्या कोपऱ्यावर माझा सगळा मान होता, त्याच्यावर एका पालीनं संसार थाटला.

हेही मी सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते वेगळंच. खाली रोज सकाळी सारजा फरशीवर नाचायची आणि मला वरून ऐकू यायचं. पहिले काही महिने जातानाची लहर तिच्या पायात होती. मग हळूहळू भार डाव्या टाचेवर सरकायला लागला. अगदी किंचित. रतनच्या कानाला ते कळायचं नाही, सारजाच्या पायाला कळायचं नाही. मला कळायचं. मी वरून मनात ओरडायचो, "टाच! अगं, टाच!" पण माझ्यावर फोटो होता, चाळ होते, फुलं होती. आवाज फुटणार कुठून? आक्का असत्या तर एका वाक्यात सांगितलं असतं. मी खाली असतो तर तेवढंही लागलं नसतं. घरात दोन-चार माणसं, मधे फक्त सहा हातांचं अंतर, आणि मी इतका एकटा की विचारू नका. रामहरीच्या ओट्यावर उन्हात पडलो होतो तेव्हासुद्धा मला एवढं एकटं वाटलं नव्हतं. तिथं निदान मी नको होतो. इथं मी सगळ्यांना हवा होतो आणि कुणाच्याच कामाचा नव्हतो.

बाहेर बारीचा बोलबाला कमी होत गेला, तो माणसांच्या बोलण्यातून कळायचा. निमगावच्या बाजारात कुणीतरी म्हणालं, "आता पयल्यासारखी मजा न्हाय ऱ्हायली." रतन त्या माणसावर फार चिडली आणि घरी येऊन तिनं माझ्यापुढं आणखी एक नारळ फोडला.

तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात, आक्कांच्या तिथीला, आबाजी आले. आक्का होत्या तेव्हा ते आठवड्याला पानांची एक कवळी पाठवायचे. त्या दिवशी स्वतः घेऊन आले. ऐंशीला टेकलेले, हातात काठी. पान-सुपारी झाल्यावर म्हणाले, "रतन, माझं काय आता ऱ्हायलंय? बनाबाईची लहर एकदा बगायची हाय. मंग डोळं मिटलं तरी चालंल."

रतननं मोठ्या आनंदानं सारजाला उभं केलं. चाचांनी ढोलकी घेतली. फरशीवर सारजा नाचली. गेली, आली. दिसायला छानच दिसलं असणार, कारण रतनचा चेहरा फुलला होता.

आबाजींनी सारजाला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, लई गोड नाचतीस. वाईट वाटून घिऊ नगंस. पर ही लहर न्हवं."

"त्यो डुगडुगता पाट हुता बनाबाईचा, त्यो कुठं हाय?" आबाजींनी विचारलं. रतननं मोठ्या अभिमानानं वर बोट दाखवलं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता हा जाणता म्हातारा तरी सांगेल, आधी तो खाली घ्या. आबाजींनी वर बघितलं. पागोटं काढलं. काठी बाजूला ठेवली, आणि मला लांबूनच लोटांगण घातलं.

घ्या! माझं नशीबच खोटं. त्या क्षणी मला वाटलं, जळणात घातलं असतं तरी बरं झालं असतं, निदान भाकरी तरी भाजल्या असत्या.

आबाजी गेले. रतन त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेली. चाचा ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसले होते. दुपार होती. सारजा फरशीवर एकटी उभी होती, आणि मग ती माझ्याकडे बघायला लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे हात न जोडता बघत होतं.

तिनं उखळ ओढलं, उपडं केलं, वर चढली. फोटो उचलून उराशी धरला आणि खाली नीट ठेवला. चाळ ठेवले. फुलं काढली. पाल पळाली. मला तिनं पदरानं पुसलं आणि फरशीवर ठेवलं. चाचा उठून उभे राहिले, पण "नको" म्हणाले नाहीत.

"आक्का," ती मोठ्यानं म्हणाली, "मारायचं आसंल तर मार. पर मी चढते." आणि चढली.

टक्!

काय सांगू तुम्हाला! तीन वर्षांचा आवाज होता तो. चाचांनी ढोलकी धरली. सारजा पुन्हा गेली. टक्. पुन्हा. टक्. तेवढ्यात रतन दारात आली. तिची किंकाळीच निघाली. "सारजे! उतर! आदी उतर खाली! आक्काच्या..." ती धावत आत आली, सारजाचा दंड धरला, हात उगारला. सारजानं डोळे मिटले, पण पाय हलवले नाहीत. भीतीनं तिचा भार पुन्हा डाव्या टाचेवर गेला आणि मी बोललो.

रतनचा हात वरच राहिला.

"पाट बोलला," ती म्हणाली. आपोआप. तिलाही कळलं नाही आपण काय बोललो ते. मग हळूच म्हणाली, "डाव्या टाचंवर गेलीस. गुडघं मऊ कर. आता जा."

सारजा गेली. मी गप्प. तासाभरात जातानाची लहर तिच्या पायात परत आली. रतन मटकन खाली बसली आणि रडत रडत हसायला लागली. "आगं, मला कळलंच न्हाय गं. तीन वर्सं तू चुकत हुतीस आन् मला कळलंच न्हाय."

"आता येतानाचं दावा," सारजा म्हणाली. तिचा श्वास फुलला होता. आक्कांनाही तिनं हेच म्हटलं होतं.

रतननं पदर खोचला. मला हात लावला, कपाळाला लावला. माझ्यावर चढली. ते वजन मी ओळखलं, आणि आनंदानं माझ्या शिरा ताठल्या. ती गेली. सुरेख गेली. आणि परत फिरली.

टक्.

"ऱ्हाऊ दे, पयलाच डाव हाय," चाचा म्हणाले.

पुन्हा फिरली. टक्. पुन्हा. टक्. वीस वेळा, तीस वेळा. उजवा गुडघा थरथरायला लागला. घामाचे थेंब माझ्यावर पडले. प्रत्येक वेळी तीच जागा, आणि प्रत्येक वेळी टक्. मला गप्प राहायचं होतं, मित्रांनो. त्या दिवशी एकदा तरी खोटं गप्प राहावं, असं मला जिवापाड वाटलं. पण पाट खोटं बोलत नाही. माझी घडणच तशी आहे.

शेवटी रतन खाली उतरली. "डोक्यात हाय गं," ती म्हणाली. "डोळं मिटलं की आक्का दिसती. पायातनं गेलं. गुडघा भार घेत न्हाय आता."

"आनी कुणाला येतंय?" सारजानं विचारलं.

ती लहर दोघींनाच येत होती. एक आता फोटोत होती.

"आक्का गेली त्या महिन्यात मला येत हुतं," रतन म्हणाली. "पाट खाली ठिवला आस्ता तर हिला आठ दिसात आलं आस्तं. चाचा सांगत हुते. मी फुलं वाहात बसले. मीच घालवलं." चाचांनी तिला 'असं बोलू नये' वगैरे म्हटलं. पण ते खरं होतं, आणि तिघांनाही ते कळत होतं.

तेव्हापासून मी फरशीवर आहे. पुन्हा गुळगुळीत झालोय. सारजा रोज सकाळी माझ्यावर उभी राहते. गेली की मी गप्प, आली की टक्. तिनं नाद सोडलेला नाही. रतन भिंतीला टेकून बसते, जिथं आक्का बसायच्या, आणि आठवेल ते सांगते. फोटोला आता फक्त तिथीला हार घालतात.

तुम्हीही कुणावर तरी माया केली असेल. ती माणसं गेली की त्यांची पळी, त्यांची विळी, त्यांची लेखणी उचलून देव्हाऱ्यात ठेवू नका. नमस्कार जरूर करा, पण एकदाच, आणि मग कामाला लागा. दुसऱ्याच दिवशी लागा. जाणाऱ्या माणसाच्या हातापायातलं जे काही मागं राहतं, ते फार थोडे दिवस थांबतं.

आणि एक शेवटची विनंती. ही मी आजवर कुणालाच करू शकलो नाही, कारण मला टक् सोडून दुसरा शब्द येत नाही. परत फिरताना आक्का काय करायच्या ते मला ठाऊक आहे. वरून कुणालाच ते दिसत नसे. आक्कांनाही ते माहीत नसावं, त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. रतनच्या पायाला आपोआप सापडलं आणि तसंच हरवलं. पण मी खाली होतो. वीस वर्षं रोज मला ते लागत होतं. कंबर परत फिरायच्या किंचित आधी त्या उजव्या पायाची करंगळी दाबायच्या. एवढंच. त्यानं भार उजवीकडं धरला जायचा आणि डावी टाच मोकळी राहायची.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. कधी इंदापूरला आलात तर गावाच्या कडेला सकाळी ढोलकी ऐकू येईल. दार उघडंच असतं. आत जा आणि सारजाला एवढं सांगा: आधी उजवी करंगळी.